शेवटचा आकडा दोनदा का मोजला गेला?

‘संगणक चुकला’ असे आपण सहज म्हणून जातो. वास्तविक तो सांगितले तेवढेच करतो. चूक बहुधा सांगण्यात असते. ती कशी शोधावी, हे एका उदाहरणाने पाहू.

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडविलेल्या ‘सी’ भाषेत एक प्रोग्रॅम लिहिला आहे, असे समजा. एका फाइलमध्ये पाच दिवसांचा पाऊस मिलिमीटरमध्ये, एका ओळीत एक आकडा याप्रमाणे नोंदला आहे : १२, ७, ०, २५, १६. बेरीज ६० यायला हवी. प्रोग्रॅम मात्र ७६ सांगतो!

अशा वेळी घाईने खाडाखोड करू नका. प्रयोगशाळेत करता तसेच करा. फरक १६ चा आहे आणि शेवटचा आकडाही १६ च आहे. तेव्हा तो दोनदा मिळविला गेला असावा. हा झाला तर्क, आता पडताळा. १६ च्या जागी २० लिहा. तर्क खरा असेल, तर ६४ ऐवजी ८४ यायला हवेत. आणि तसेच येतात!

असे का व्हावे? प्रोग्रॅम म्हणतो : ‘फाइल संपली नाही तोवर आकडा वाच आणि मिळव.’ फाइल संपली का, हे ‘एफईओएफ’ या फंक्शनला विचारले आहे. पण ते पुढे डोकावत नाही. आधीचे वाचन शेवटाला थडकले का, एवढेच सांगते. १६ वाचून झाल्यावर वाचन ओळ संपविणाऱ्या अदृश्य चिन्हापाशी थांबते. म्हणून उत्तर येते, ‘नाही’. मग सहावे वाचन होते. त्यात काहीच हाती लागत नाही. चलात जुनाच १६ पडून असतो आणि तोच पुन्हा मिळविला जातो.

गंमत अशी, की फाइलच्या शेवटी ते चिन्ह नसेल तर हाच प्रोग्रॅम बरोबर उत्तर देतो! आणि शेवटचा आकडा शून्य असेल, तर बेरीज बरोबर येते. पण दिवस सहा मोजले गेल्याने सरासरी चुकते. म्हणून एका फाइलवर उत्तर जुळले, एवढ्याने प्रोग्रॅम निर्दोष ठरत नाही.

उपाय सोपा आहे. वाचणारे ‘एफस्कॅनएफ’ हे फंक्शन किती आकडे मिळाले ते स्वतःच सांगते. ते ‘एक’ म्हणाले तरच मिळवा, नाहीतर थांबा. थांबल्यावर मग एफईओएफला विचारा : फाइल संपली, की मध्येच एखादे अक्षर आले?

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. फाइल अगदी रिकामी असेल, तर जुना प्रोग्रॅम काय मिळवील?