बूस्टर, चार्जर आणि टॉवरची भीती

धडगाव-अक्कलकुव्याकडच्या कितीतरी पाड्यांवर रेंज टेकडी चढून गाठावी लागते. आधारचे देशातले पहिले क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत वाटले गेले. आता रेशन घ्यायला अंगठा लावायचा, तरी मशीनला नेटवर्क हवं. अशा ठिकाणी ऑनलाइन मिळणाऱ्या ‘सिग्नल बूस्टर’चा मोह कुणालाही पडेल. माझ्या घरात मी लावला, कुणाचं काय जातं?

जातं ते शेजाऱ्याचं. बूस्टर सिग्नलसोबत गोंगाटही वाढवतो आणि टॉवरकडे ढकलतो. त्या गलक्यात लांबच्या फोनचा क्षीण आवाज टॉवरला ऐकूच येत नाही. एका घराची रेंज वाढते, आजूबाजूच्या दहा घरांचे कॉल तुटू लागतात. म्हणूनच मोबाइल कंपन्यांखेरीज कुणीही असं यंत्र लावणं, बाळगणं किंवा विकणं बेकायदा आहे, असं दूरसंचार विभागाने जानेवारी 2022 मध्ये बजावलं. ‘ऑनलाइन मिळतंय म्हणजे चालतं’ हेही खरं नाही. परवानगीचा तपशील न देता वॉकीटॉकी विकल्याबद्दल मे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 13 ऑनलाइन विक्री मंचांना नोटिसा काढल्या. घरात ब्रॉडबँड असेल तर फोनमधलं वायफाय कॉलिंग सुरू करा. ते कायदेशीर आहे आणि वेगळं यंत्रही लागत नाही.

वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्याला वापरणाऱ्याने परवाना काढावा लागत नाही, हे बरोबर. पण उपकरणाला सरकारची मान्यता लागतेच. शिवाय हा पट्टा सगळ्यांचा. मायक्रोवेव्ह ओव्हन सुरू होताच वायफाय रखडलं, तर दाद मागायला जागा नाही.

टॉवरची भीती मात्र उलट्या दिशेची आहे. टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा भारतात 1 सप्टेंबर 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. टॉवर जितका लांब, तितका कानाशी धरलेला फोन जास्त जोर लावतो. म्हणजे टॉवर हटवला तर फोनची उत्सर्जनशक्ती वाढतेच. रेडिओलहरींना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2011 मध्ये ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं, हे खरं. पण त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. पुरावा मर्यादित आहे, एवढाच त्याचा अर्थ.

फोन वाजण्याआधी शेजारच्या स्पीकरमध्ये ‘टर्र-टर्र’ होतं, तोही किरणांचा धोका नव्हे. टूजी फोन सेकंदाला सुमारे 217 वेळा थबकत-थबकत लहरी सोडतो आणि स्पीकरच्या तारा ती लय पकडतात.

खरी काळजी करायची तर ती चार्जरची. त्यात 230 व्होल्ट आणि आपल्या हाताला लागणारी वायर यांच्यामध्ये एक चिमुकला ट्रान्सफॉर्मर आणि त्याचं इन्सुलेशन, एवढीच आडकाठी असते. आठवडी बाजारातल्या स्वस्त मालात ती पातळ केलेली असते आणि गोंगाट गाळणारे सुटे भागही बऱ्याचदा गाळलेले असतात. त्यावरच्या ‘सीई’ चिन्हाने भुलू नका. ते युरोपच्या बाजारासाठी आहे आणि बहुतेक वस्तूंवर उत्पादक स्वतःच लावतो. भारतात चार्जरवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला की उत्पादकाचं नाव दिसतं. खोक्यावर वेगळंच नाव असेल तर चार्जर दुकानदाराला परत करा.

असा गोंगाट रेडिओत खरखर होऊन ऐकू येतो. घरात ती कुठून येते, हे शोधणं सोपं आहे. सेलवरचा ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधे लावा. मग चार्जर, एलईडी बल्ब, सोलर कंट्रोलर एकेक बंद करत जा. ज्याच्या बटणासरशी आवाज थांबेल, ते आधी बदला.