आईची चाल, सिग्नलचं गणित

आई यंदा आमच्याकडे अमेरिकेत आली होती. रस्त्याच्या मध्यावर असतानाच समोरचा नारिंगी हात लुकलुकू लागला आणि ती घाबरून थांबली. म्हटलं, “चल आई, हा हात नव्याने उतरणाऱ्यांसाठी आहे; उतरलेल्यांनी पार करायचं.”

हात किती सेकंद लुकलुकावा, हे सूत्र सिग्नलची आखणी शिकताना सुरुवातीलाच येतं : रस्त्याची रुंदी भागिले चालण्याचा वेग. इथल्या राष्ट्रीय नियमावलीत हा वेग सेकंदाला ४ फूट होता. २००९ साली ३.५ झाला. म्हणजे ८४ फुटी रस्त्याला २१ ऐवजी २४ सेकंद. वृद्धांची ये-जा असेल तिथे वेग आणखी कमी धरता येतो.

तुमच्या चौकात आईबाबांना वेळ अपुरा पडतो? शहराच्या वाहतूक विभागाला जरूर कळवा. सूत्रातला वेग म्हणजे शेवटी कुणाची तरी चालच असते.