त्सांगपोपासून जमुनेपर्यंत

मराठीत आपण ‘ब्रह्मपुत्रा नदी’ म्हणत असलो, तरी आसामात तो ब्रह्मदेवाचा पुत्र, म्हणजे ‘नद’ आहे. तिबेटात त्याला यार्लुंग त्सांगपो म्हणतात, अरुणाचल प्रदेशात सियांग किंवा दिहांग. दिबांग व लोहित या नद्या मिळाल्यावर तो ब्रह्मपुत्र होतो आणि बांगलादेशात जमुना.

कैलास पर्वताच्या आग्नेयेस हिमनद्यांतून उगम पावल्यावर त्सांगपो हिमालयाच्या उत्तरेस त्याला समांतर असा दीड हजार किलोमीटरांहून अधिक अंतर पूर्वेकडे वाहतो. पुढे नामचा बारवा (७,७८२ मीटर) आणि ग्याला पेरी या शिखरांमधील अरुंद घळईत तो शिरतो, नामचा बारवाला वळसा घालतो आणि दोन हजार मीटरांहून अधिक खाली उतरून दक्षिणेकडे वळतो. ही घळई इतकी दुर्गम, की त्सांगपो आणि दिहांग एकच आहेत, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत निश्चित झाले नव्हते. त्सांगपोचे पाणी इरावतीला मिळते, असेही काही भूगोलज्ञ मानीत.

हा वाद मिटवण्यासाठी भारतीय सर्वेक्षण खात्याने १८८० साली किंथुप नावाच्या सिक्कीमच्या निरक्षर माणसाला एका लामासोबत तिबेटात धाडले. लामाने त्याला गुलाम म्हणून विकले. किंथुप निसटला, एका मठाच्या आश्रयास राहिला आणि खुणा केलेले पाचशे ओंडके, रोज पन्नास याप्रमाणे, त्याने प्रवाहात सोडले. ओंडक्यांवर नजर ठेवावी, असे कळवणारे त्याचे पत्र मात्र वेळेवर पोहोचले नाही. ओंडके आसामात आले असतील, तर ते कोणी पाहिले नाहीत.

वरची वार्ता खाली न पोहोचण्याचे दुष्परिणाम पुढेही दिसले. एप्रिल २००० मध्ये तिबेटातील यिगोंग नदीत दरड कोसळून पाणी तुंबले. जूनमध्ये हा बांध फुटला आणि सियांगच्या खोऱ्यात मनुष्यहानी झाली, पूल वाहून गेले. २००२ साली चीनने पूरकाळातील आकडेवारी भारताला देण्याचा करार केला. २०१७ च्या पावसाळ्यात ती मिळाली नाही आणि २०२३ मध्ये कराराची मुदतही संपली. जुलै २०२५ मध्ये त्सांगपोच्या त्याच वळणावर चीनने प्रचंड जलविद्युत् प्रकल्पाचे काम आरंभिले.

ब्रह्मपुत्राचे बहुतेक पाणी हिमालयाच्या दक्षिण उतारावरील पावसाचे असते, हे खरे. परंतु पूर येतो तो एकत्रित पाण्याचा. धुब्रीच्या पुढे, जिथे जमुना गोआलंदोजवळ गंगेला मिळते त्या सखल प्रदेशात, तो सर्वांत शेवटी पोहोचतो.