कासवाचं पिल्लू: वाढवून सोडायचं की लगेच?

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मी जिथे फार वाहवत गेलो, ते कापलंय.

वेळासच्या कासवांवर बोललो तेव्हापासून बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारलाय. हजारातलं एखादंच पिल्लू मोठं होतं म्हणता, मग वर्षभर टाकीत ठेवून, खाऊ घालून का सोडत नाहीत? गडहिंग्लजवरून आंबोली घाट उतरलं की वेंगुर्ल्याचा समुद्र, त्यामुळे आपल्याला हा प्रश्न फार लांबचा नाही. आणि प्रश्न रास्तच आहे. कासवं सांभाळणारी माणसंसुद्धा यावर कित्येक वर्षं भांडतायत. या प्रकाराला म्हणतात 'हेडस्टार्टिंग'.

कोकणात तसं करत नाहीत. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला काम सुरू केलं. ऑलिव्ह रिडलेची अंडी कोल्ही-कुत्री उकरतात, माणसंही नेतात. म्हणून ती उचलून कुंपणातल्या हॅचरीत, तशाच खड्ड्यात पुरायची. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर आली की सोडायची. खायला काहीही द्यायचं नाही! कारण पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा असतो. त्याच जोरावर ते पहिला दिवसभर जवळजवळ न थांबता पोहतं आणि किनाऱ्याजवळच्या माशांच्या तावडीतून सुटतं. टबात ठेवलं तर तो जोर टबाच्या भिंतींवर डोकं आपटण्यात संपतो. माझ्या मते प्रेमापोटी होणारं सगळ्यात मोठं नुकसान हेच.

टेक्सासमध्ये मात्र वाढवून बघितलं. केम्प्स रिडले ही आपल्या रिडलेची सख्खी बहीण, आणि 1970 च्या दशकात ती संपायलाच आली होती. 1978 पासून मेक्सिकोतून दरवर्षी दोनेक हजार अंडी पाद्रे आयलंडवर आणली गेली. पिल्लांना तिथल्या वाळूवरून लाटांपर्यंत चालू दिलं, 'हा आपला किनारा' हे डोक्यात बसावं म्हणून, आणि लगेच जाळीने परत पकडलं. मग गॅल्व्हस्टनच्या प्रयोगशाळेत नऊ ते अकरा महिने वाढवलं. एकमेकांना चावतात म्हणून प्रत्येकाला वेगळी बादली! हजारो बादल्या, रोजचं पाणी बदलणं, रोजचं खाद्य.

विरोधकांचं म्हणणं होतं की आयतं खाल्लेलं पिल्लू समुद्रात शिकार कशी करणार, आणि परत आलंच नाही तर एवढा खर्च कशासाठी? वाढवणारे म्हणत, थांबा, कासव वयात यायला वेळ लागतो. 1996 मध्ये तशी वाढवलेली दोन कासवं पाद्रे आयलंडवर अंडी घालताना खरंच सापडली. पण तोपर्यंत मुख्य प्रयोग आवरता घेतला होता.

माझ्यातल्या इंजिनिअरला पटला तो तिसराच मुद्दा. 1987 मध्ये क्राउझ, क्राउडर आणि कॅसवेल यांनी लॉगरहेड कासवांच्या आयुष्याचं गणित मांडलं: प्रत्येक वयात किती जगतात, किती पुढे सरकतात. उत्तर असं आलं की एकूण एक अंडं वाचवलं तरी घट थांबत नाही. मोठी होत आलेली कासवं वाचली तर थांबते. प्रोग्रॅम स्लो चाललाय म्हणून आपण भलतंच फंक्शन सुधारत बसतो ना, तसं. खरा अडथळा कोळंबीच्या ट्रॉलचं जाळं. त्यात अडकलेलं कासव श्वासाला वर येऊ शकत नाही. जाळ्याला कासव बाहेर पडेल असा सापळादरवाजा बसवता येतो, टेड म्हणतात त्याला. तो नाही म्हणून अमेरिकेने आपली समुद्रातली कोळंबी घेणं थांबवलं.

मग वाढवून सोडणं कायमच चूक? तसं नाही. सुंदरबनातलं बाटागुर बास्का जंगलातून जवळपास नाहीसं झालेलं. 2008 मध्ये सजनेखालीच्या तळ्यात मोजकी कासवं सापडली, त्यांच्यापासून पिल्लं वाढवली, आणि 2022 मध्ये दहा कासवं सॅटेलाइट टॅग लावून सोडली. तिथे किनाऱ्यावर अंडी घालायला कोणी उरलंच नव्हतं, मग दुसरं काय करणार? आपल्या रिडलेची तशी वेळ नाही. ओडिशात टॅग लावलेली एक मादी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालायला आली, एवढा मोठा त्यांचा वावर.

तर सुट्टीत किनाऱ्यावर पिल्लू दिसलं तर बादली शोधू नका. ओल्या वाळूवरून त्याचं त्याला जाऊ द्या. जखमी असेल तर वनविभागाचा 1926 नंबर लावा. घरी नेलंत तर गुन्हा आहे, शेड्यूल एकमधला प्राणी आहे तो.