ब्रेक ऑइलची हयगय जिवावर बेतते

डहाणू-तलासरी भागातील आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांचा धंदा आज गाडीवर चालतो. कोणी चिकूचे खोके घेऊन महामार्ग गाठतो, कोणी माल भरून कासामार्गे जव्हारकडे जातो. इंजिन ऑइल वेळेवर बदलणारी ही मंडळी ब्रेक ऑइलकडे मात्र ढुंकूनही पाहत नाहीत. म्हणून आज हा विषय आम्ही घेतला आहे.

हे नावालाच ऑइल. बहुतेक गाड्यांतील हा द्रव ग्लायकॉल जातीचा असून हवेतील ओलावा शोषून घेतो. आपल्या दमट किनारपट्टीवर हे विसरून चालणार नाही. ताजे डॉट-३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट-४ साठी हे आकडे २३० व १५५ आहेत. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की चाकाजवळचे ऑइल तापते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते. मग पेडल तळाला टेकते आणि भरलेली गाडी थांबत नाही! म्हणून उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवावी.

ऑइल कोणते घ्यावे? टाकीच्या झाकणावर लिहिलेले असेल तेच. डॉट-३ च्या जागी साधारणतः डॉट-४ चालते. उलट करू नये. डॉट-५ हे सिलिकॉनचे असते, ते यांत मिसळू नये. डॉट-५.१ मात्र ग्लायकॉलचेच. नावाच्या साधर्म्याने फसू नये. इंजिन ऑइल तर थेंबभरही नको. त्याने रबरी वॉशर फुगतात आणि ब्रेक निकामी होतो.

कंपनीच्या पुस्तिकेत वेगळे सांगितले नसेल तर दर २ वर्षांनी सर्व ऑइल बदलून चारही चाकांची हवा काढून घ्यावी. टाकीतील पातळी उतरली तर नुसती भर घालू नये. पॅड झिजले आहेत की कुठे गळती आहे, ते आधी पाहावे. ऑइल रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे, नाहीतर रंग उडतो.

गॅरेजवाल्या बांधवांना आमची विनंती : काढलेले ऑइल पुन्हा भरू नका, बरेच दिवस उघडा पडलेला डबा वापरू नका. गिऱ्हाईक दोन पैशांची घासाघीस करील, पण त्याचा जीव तुमच्या हाती आहे. हा विश्वास हेच धंद्याचे खरे भांडवल.