अर्जात नसलेला रकाना

जानेवारीतली गोष्ट. इशाची नमाज आटोपून आपाकडे गेलो, तर भाची मोबाइल घेऊन ओट्यावर बसलेली. प्रवेश परीक्षेचा अर्ज भरत होती. नाव झालं, पत्ता झाला. फोटो दोनदा नाकारला गेला आणि तिसऱ्यांदा एकदाचा घेतला. आता दहावीच्या रकान्यापाशी येऊन गाडी थांबली होती.

"मामू, बोर्डाचं नाव विचारलंय, पास झाल्याचं वर्ष विचारलंय, टक्के विचारलेत. बाकी काहीच नाही."

"मग? बाकी काय हवंय?"

"किती वेळा बसलीस, ते कुठंच विचारलेलं नाही." तिनं बोटानं पडदा वर-खाली केला आणि पुन्हा एकदा शोधून पाहिलं. खरंच नव्हतं.

आत भाकरी थापणारी आपा थांबली होती. हात पिठात तसाच. पाच वर्षं ज्या गोष्टीचं ओझं या घरानं बाळगलं, पाहुण्यांपासून लपवलं, जिच्यावरून एक ठरत आलेलं स्थळ मोडलं, तिच्यासाठी त्या अर्जात साधा रकानासुद्धा नव्हता.

२०१९ सालचा दहावीचा निकाल करमाळ्यातल्या पुष्कळ घरांना आठवत असेल. त्या वर्षी ईद ५ जूनला झाली आणि निकाल ८ जूनला लागला. शीरखुर्म्याची भांडी अजून पाहुण्यांकडून परत यायची होती. भाची गणित आणि इंग्रजी या दोन विषयांत गेली. त्या वर्षी राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर घसरला होता, कारण भाषांच्या तोंडी परीक्षेचे शाळेच्या हातातले वीस गुण बोर्डानं काढून घेतले होते. पुढच्याच वर्षी ते परत दिले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. मुलं एका वर्षात एवढी हुशार झाली, असं कोणीही म्हणणार नाही. पण मधल्या मध्ये अडकलेल्या मुलांना हे कोणी समजावून सांगितलं नाही. त्यांना कळलं ते एवढंच, की आपण 'ढ' आहोत.

पुरवणी परीक्षेत इंग्रजी सुटलं, गणित राहिलं. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. ही सोय तेव्हाही होती. आम्हाला ती माहीत नव्हती आणि शाळेतूनही कोणी सांगितली नाही. दाखला हातात दिला आणि संपलं. मी स्वतः वर्तमानपत्रात लिहिणारा माणूस. दोन गल्ल्या पलीकडे राहतो, आणि मीसुद्धा चौकशी केली नाही. दाजी म्हणाले, "घरी बसू दे," आणि मी मान हलवली. हे मला लिहायलाच हवं, कारण पुढं या गोष्टीत माझं कौतुक करणारे भेटतात.

ते वर्ष तिनं घरात काढलं. आपा साड्यांना फॉल-पिको करायची, तिच्या जोडीला ही बसली. तिच्या वर्गातल्या मुली सकाळी कॉलेजला जाताना दारावरून जायच्या. तेवढा वेळ ती मशीन बंद ठेवायची, आवाजानं कोणी आत डोकावू नये म्हणून. हे तिनं मला फार उशिरा सांगितलं. स्थळंही येऊ लागली. सोळावं सरायचं होतं.

पलीकडच्या वाड्यात एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांची साडी पिकोला आली होती. मापं घेताना हिनं हिशोब चुकवला, तो बाईंनी दुरुस्त केला आणि विचारलं, "गणितात गेलीस ना? उद्यापासून चारला ये." फी विचारली तर म्हणाल्या, फॉल फुकट लावून दे. मार्च २०२० मध्ये गणित सुटलं, ५४ टक्के पडले. काहीच दिवसांत टाळेबंदी लागली. त्यानंतर अकरावी कला, बारावी, बीए. बीएच्या दुसऱ्या वर्षी कॉलेजतर्फे सोलापुरात विडी कामगार बायकांच्या वस्तीत माहिती गोळा करायला गेली होती. बाकीच्या मुली प्रश्नावली भरून घेऊन उठत होत्या. ही एका घरी पानं कापत तासभर बसली. परतल्यावर आपाला म्हणाली, "अम्मी, त्यांचा हिशोबसुद्धा आपल्यासारखाच आहे. माल आणून देणारा सांगेल तो दर, आणि खराब निघाले ते आपल्या माथी."

तेव्हापासून तिच्या डोक्यात मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतलं समाजकार्याचं एमए बसलं.

या संस्थेचं नाव घेतलं की आमच्याकडची माणसं दबकतात. देशभरातून मुलं येतात, जागा मोजक्या. देवनारचा परिसर, इंग्रजीत वर्ग. पण तिची सुरुवात कुठं झाली ते मी भाचीला सांगितलं, तेव्हा ती हसायलाच लागली. १९३६ मध्ये ही शाळा नागपाड्यात सुरू झाली. 'नागपाडा नेबरहूड हाउस' नावाचं वस्तीत काम करणारं केंद्र होतं. ते चालवणारे क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी संस्थेचे पहिले संचालक, आणि पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी. देवनारला ती गेली १९५४ मध्ये. आमच्या दाजींचे चुलते नागपाड्यातच बेकरीत कामाला होते. म्हणजे ज्या गल्लीतून आमची माणसं पाव विकत फिरली, तिथंच हे सगळं उभं राहिलं. दबकायचं काय त्यात?

तर प्रश्न असा होता, की त्या मुक्कामाला पोहोचायच्या वाटेत दहावी आडवी येते का.

मी थोडी चौकशी केली, आणि या पानाच्या वाचकांत ज्यांच्या घरी असं एखादं मूल असेल, त्यांच्यासाठी ती इथं मांडतो. टाटा संस्थेच्या एमएला आता सीयूईटी-पीजी या सामायिक परीक्षेचे गुण लागतात, नंतर मुलाखत. निवड त्यावर होते. दहावीत किती पडले त्यावर नाही. दिल्ली विद्यापीठात २०२१ पर्यंत बारावीच्या गुणांवर प्रवेश होता आणि त्या वर्षी काही महाविद्यालयांची यादी शंभर टक्क्यांवर थांबली होती. २०२२ पासून तिथंही सीयूईटी आली. आता बारावी पास असणं पुरतं, चढाओढ परीक्षेच्या गुणांची. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बी.स्टॅटला त्यांचीच परीक्षा आणि मुलाखत. उलट बाजूही सांगायला हवी. आयआयटीला बारावीत ७५ टक्के किंवा बोर्डातल्या वरच्या २० टक्क्यांत असण्याची अट आहे. काही आयआयएम मुलाखतीला बोलावताना दहावी-बारावीचे गुण मोजतात, तिथं जुनी मार्कशीट माणसाचा पिच्छा सोडत नाही. म्हणून मूल नापास झालं की आधी रडारड करण्यापेक्षा कुठला दरवाजा मागचं पाहतो आणि कुठला पाहत नाही, याची यादी करावी. आम्ही ती सहा वर्षं उशिरा केली.

परीक्षा मात्र परीक्षाच आहे. पंचाहत्तर प्रश्न, तीनशे गुण, नव्वद मिनिटं. बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक वजा. आणि एक गंमत. पदवीच्या सीयूईटीचा पेपर मराठीत देता येतो, उर्दूतही देता येतो. एमएच्या सीयूईटीला मात्र इंग्रजी किंवा हिंदी. बीएची तीन वर्षं मराठीत लिहिलेल्या मुलीनं अचानक भाषा बदलायची. ज्या इंग्रजीत ती नापास झाली होती, त्याच इंग्रजीत तिनं पेपर द्यायचं ठरवलं. मी म्हटलं, हिंदी घे, सोपं जाईल. "तिथं गेल्यावर वर्ग इंग्रजीतच आहेत ना मामू? मग आत्ताच कळू दे." रोज पहाटे सहेरीनंतर, घर पुन्हा झोपलं की, ती जुने पेपर सोडवायची. गल्लीत इतक्या लवकर फक्त तिच्या खोलीचा दिवा आणि दूधवाल्याची सायकल.

परीक्षा २०२५ मध्ये १३ मार्च ते १ एप्रिल, म्हणजे ऐन रमजानमध्ये. तिला सोलापूर केंद्र आलं, शेवटची पाळी, दुपारी चार ते साडेपाच. करमाळ्याहून शंभराहून जास्त किलोमीटर, एसटीनं अर्धा दिवस जातो. मार्चमधलं सोलापूरचं ऊन वाचकांना मी सांगायला नको. घरात प्रश्न उभा राहिला: रोजा ठेवायचा का?

आपा म्हणाली, ठेवायचाच. रोजात दिलेली परीक्षा वाया जात नाही. दाजी गप्प. शेवटी आमच्या अम्मीनं निकाल दिला. ऐंशीच्या घरातली बाई, सगळं आयुष्य एक रोजा चुकला नाही. म्हणाली, "सफर आहे. सफरीत सवलत आहे, ती अल्लाहनं दिलीय, तुम्ही कोण काढून घेणारे? ईदनंतर कजा करील." ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: वेळेवर राहून गेलेलं नंतर पूर्ण करणं म्हणजे कजा. त्यात लाज नसते, मात्र ते करावं लागतं.

भाची म्हणाली, "म्हणजे नानी, माझं गणितसुद्धा कजाच झालं की."

अम्मीला विनोद कळला नाही. ती म्हणाली, "ते मला काय ठाऊक. पोरी, डबा घेऊन जा."

मी सोबत गेलो. माझा रोजा होता. टेंभुर्णीच्या पुढं तिनं पाण्याची बाटली काढली, माझ्याकडं पाठ करून खिडकीकडं वळून दोन घोट प्यायली आणि बाटली पिशवीत खोल ठेवून दिली. परवानगी असली तरी सवय नव्हती. केंद्रावर गर्दी. बहुतेक मुलं पुण्या-मुंबईच्या क्लासमधली असावीत असं आपलं मला वाटलं, पण जरा बोलल्यावर कळलं की कोणी मंगळवेढ्याचं, कोणी अक्कलकोटचं. बाहेर एका झाडाखाली आम्ही पालक बसलो. शेजारचे गृहस्थ मुलगा दोनदा बारावीत गेल्याचं आपणहून सांगू लागले. अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं. मीही आमचं सांगून टाकलं. सहा वर्षांत घराबाहेरच्या माणसाला पहिल्यांदा.

साडेपाचला ती बाहेर आली. "साठ सोडवले. पंधरा सोडून दिले, वजा गुणांची भीती." यापेक्षा जास्त बोलली नाही. इफ्तार बसस्थानकावरच झाला, खजूर आणि केळी. घरी पोहोचलो तेव्हा अकरा वाजायला आले होते.

आता निकालाची वाट आहे. गुण पुरेसे पडले तर मुलाखत. तिथं काय सांगायचं, यावर परवा तरावीहनंतर बैठक भरली. दाजींचं मत, दहावीचा विषयच काढायचा नाही. अर्ज विचारत नाही तर आपण कशाला सांगायचं? वर्षाचा हिशोब काढायला कोणाला वेळ आहे? हे चूक नाही. कोणी काढणारही नाही.

मी रामानुजनचं सांगितलं. तेही कॉलेजात गणित सोडून बाकीच्या विषयांत नापास झाले, कुंभकोणमची शिष्यवृत्ती गेली, मद्रासला पुन्हा नापास झाले. १९१३ च्या जानेवारीत केंब्रिजच्या हार्डींना जे पत्र लिहिलं, त्याच्या सुरुवातीलाच त्यांनी सांगितलं की मी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये वर्षाला वीस पौंडांवर कारकून आहे आणि माझं विद्यापीठाचं शिक्षण झालेलं नाही. एवढंच. त्यात रडणं नाही, सबब नाही. दोन ओळींत ते संपवून त्यांनी गणितं मांडायला घेतली. त्याच वर्षी ज्या मद्रास विद्यापीठाची परीक्षा त्यांना पास होता आली नव्हती, त्यानंच पदवी नसताना त्यांना महिना पंचाहत्तर रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. रामानुजन व्हायला सांगत नाही, म्हटलं. त्यांच्या पत्राची रीत घे.

मग उत्साहात मी तिच्यासाठी उत्तर लिहूनही दिलं. अपयश ही यशाची पहिली पायरी, जिद्द, अंधारातून प्रकाशाकडे, असं बरंच. तिनं वाचलं आणि कागद परत दिला. "मामू, हे सगळं वहीच्या मागच्या पानावर छापलेलं असतं."

तिचं स्वतःचं उत्तर इंग्रजीत आहे, मोडक्या पण स्वतःच्या. दहावीत दोन विषयांत नापास झाले, एक वर्ष घरी बसले. त्या वर्षी आईबरोबर साड्यांना फॉल लावला. घरी बसून नगावर काम करणाऱ्या बाईचा दर कोण ठरवतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. सोलापूरला विड्यांच्या घरात दुसऱ्यांदा. मला तेच शिकायचं आहे. दाजी ऐकत होते. ते काही बोलले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत.

"दर नेमका सांगायला हवा," ती म्हणाली. "अम्मी, तेव्हा एका साडीचे किती मिळायचे?"

आपानं सुईत दोरा ओवता ओवता सांगितलं, "पंधरा. दोरा आपला."

तिनं ते वहीत लिहून घेतलं.