वाकलेल्या कंबरेचं गणित

भात आवणीच्या दिवसांत आहुप्याला जा नाहीतर घाटघरला. सकाळी चिखलात वाकलेल्या बाया दुपारपर्यंत वाकलेल्याच दिसतात. उठताना एक हात हमखास कंबरेवर. वाकून वाकून पाठीचे स्नायू थकले, असं आपण म्हणतो. गंमत अशी, की माणूस पुरता वाकला की त्या स्नायूंनी काम जवळजवळ सोडून दिलेलं असतं.

फ्लॉइड आणि सिल्व्हर या ब्रिटिश संशोधकांनी १९५५ साली हे सविस्तर मांडलं. पाठीवर इलेक्ट्रोड लावून त्यांनी स्नायूंची विद्युत हालचाल टिपली. वाकायला सुरुवात होताच मणक्यालगतचे स्नायू जोरात कामाला लागतात आणि शेवटाला पोचलं की एकाएकी चिडीचूप! मग सगळा भार अस्थिबंधांवर आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर. तासन्‌तास ताणलेले अस्थिबंध जुन्या नाडीच्या इलास्टिकसारखे सैलावतात, सरळ उभं राहिल्यावरही लगेच आवळत नाहीत. अशा वेळी उठल्या उठल्या रोपांच्या जुड्यांची पाटी उचलायची, म्हणजे मुहूर्तच चुकला.

आता नारायणगावच्या बाजारातलं टोमॅटोचं कॅरेट घ्या, वीस किलोचं. कंबरेपासून अर्ध्या मीटरवर धरलं, तर ते तोलणाऱ्या स्नायूंची तरफ जेमतेम पाच सेंटिमीटरची. म्हणजे दहापट, दोनशे किलोचा ओढा. धडाचं वजन वेगळंच. पोटाशी धरलं की ओढा निम्म्यावर येतो. शरीरातल्या तरफांचा हा तोट्याचा व्यवहार सतराव्या शतकात बोरेल्ली या इटालियन गणितज्ञाने मांडला. बिचारा १६७९ मध्ये रोममध्ये कफल्लक अवस्थेत गेला. हे मांडणारा त्याचा ग्रंथ छापला गेला तो त्यानंतर, स्वीडनची माजी राणी ख्रिस्तिनाच्या मदतीने.

प्राथमिक आरोग्य केंद्रात कंबरदुखीला गोळी मिळते, मलम मिळतं आणि 'जड उचलू नका' हा सल्ला. न उचलता भात लागायचा कसा? तिथे सहसा फिजिओथेरपिस्टचं पद नसतं. त्यासाठी मंचर-पुण्याकडे जायचं तर दिवसाची मजुरी बुडाली.

म्हणून चालीचं त्रिमितीय चित्रण करणारी महागडी यंत्रं इथे आणा, असं मी म्हणणार नाही. कंबरपट्टे वाटा, असंही नाही. निरोगी कामगाराची दुखापत पट्ट्याने टळते याला पुरेसा पुरावा नसल्याचं अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने १९९४ मध्येच सांगितलंय. शिवाय कंबरदुखी म्हणजे निव्वळ तरफ नव्हे. झोप, काळजी, कर्ज यांचाही तिच्यात वाटा असतो.

आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस येणारा फिजिओथेरपिस्ट आणि कोपऱ्यात एक रिकामं कॅरेट, एवढं पुरे. तो म्हणेल, "मावशी, कसं उचलता ते दाखवा बरं." पाय बधिर होतोय किंवा लघवीवरचा ताबा सुटलाय, असं कळलं तर त्याच दिवशी पुढे धाडेल. बाकीचं आशाताईही बांधावर सांगू शकतील: वाकून उठलात की दोन मिनिटं उभ्या राहा, जरा मागे रेला, मग पाटीला हात लावा.